माझ्याकडे होत नाही

आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य कोणतं, असं तिला कोणी विचारलं असतं तर तिने डोळे मिटून सांगितलं असतं, "माझ्याकडे होत नाही." चौदा वर्षांत हे वाक्य तिने इतक्या जणांना लिहिलं होतं की नुसतं 'मा' उमटलं की कीबोर्ड पुढचं सगळं आपणहून सुचवायचा.

ती दिवसा एका रुग्णालयाच्या संगणक विभागात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात 'सांधा' सांभाळायची. सांधा हा तिनेच लिहिलेला प्रोग्रॅम. एकाच फाइलवर दोघांनी आपापल्या जागी बसून वेगवेगळे बदल केले, तर ते दोन्ही नीट एकत्र करून द्यायचे आणि कुठे दोघांची टक्कर होत असेल तर ती दाखवायची, एवढंच त्याचं काम. चौदा वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने आपली फाइल तिच्या फाइलवर बिनदिक्कत साठवली आणि तिची तीन दिवसांची मेहनत एका क्षणात पाण्यात घातली. वर "अगं, मला काय माहीत!" म्हणून चहा प्यायला गेला. त्या रागात तिने चार सुट्ट्या घरात बसून सांधा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला करून टाकला. घ्या, वापरा, उघडून बघा, सुधारलात तर सुधारलेलं परत द्या.

घेणारे हजारो निघाले. सुधारून परत देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि नावं ठेवणारे उदंड. तक्रारींसाठी तिने सगळ्यांना दिसेल अशी एक वही इंटरनेटवर ठेवली होती. तीत एकाने फक्त "चालत नाही" एवढंच लिहिलं होतं. काय चालत नाही, कुठे चालत नाही, हे विचारल्यावर महाशय गायब. दुसऱ्याने एका बटणाच्या रंगावर अकरा परिच्छेद लिहिले. तिसऱ्याने 'थोडीशी साफसफाई' असं नाव देऊन एक सुधारणा पाठवली, ती उघडली तर चारशे फाइलींमधल्या मोकळ्या जागा इकडच्या तिकडे केलेल्या, बाकी काही नाही. आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी खडसावून विचारायचंच, "हे अजून का झालं नाही? आमचं काम अडलंय." जणू ती त्यांच्या घरची धुणीभांडी करायला होती.

हळूहळू ती कडक झाली. लोक तिला पाठीमागे हेडबाई म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि ते नाव तिला आवडायचंही. हेडबाईंचा मुख्य नियम एकच होता. तोंडी काही धरलं जाणार नाही, जे असेल ते वहीत नोंदवा. एका लग्नात मावसबहिणीच्या नवऱ्याने तिला ताटावर गाठून सांध्याबद्दल कुरकुर सुरू केली, तेव्हा घास हातात तसाच ठेवून ती म्हणाली, "भावोजी, वहीत लिहा." भावोजी अजून तिच्याशी धड बोलत नाहीत.

तरी वही भरतच राहिली. मग तिने एक छोटासा प्रोग्रॅम लिहून वहीवर बसवला आणि त्याचं नाव ठेवलं शिपाई. ज्या तक्रारीवर तीस दिवस कोणी काही लिहिलं नाही, तिच्याखाली शिपाई आपणहून उत्तर टाकायचा. "या तक्रारीवर तीस दिवसांत कोणीही काही लिहिलेले नाही. म्हणून ती बंद करण्यात येत आहे. अडचण अजून असल्यास कृपया कळवावे. आपल्या सहकार्याबद्दल आभार." शिपाई आला आणि महिन्याभरात वही निम्मी झाली. बहुतेक लोक एकदा ओरडून विसरून जातात, हे तिचं मत पक्कं झालं.

एकच माणूस विसरायला तयार नव्हता. तक्रार क्रमांक चारशे बारा. लिहिणाऱ्याने नाव दिलं नव्हतं, वहीनेच त्याला 'पाहुणा ४४०१' असं नाव चिकटवलं होतं. तक्रार अशी, की दोघांनी एकाच वेळी काम केलं तर कधी कधी पानाची शेवटची ओळ गळते. ओळ गळणं म्हणजे सांध्याच्या अब्रूचाच प्रश्न, म्हणून तिने लगेच नमुना मागवला. पाहुण्याने नमुना पाठवला, "पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी ओळ." तिने तो उतरवून घेतला, साठवला, सांध्यातून दोनदा फिरवला. तिन्ही ओळी जागच्या जागी. तिने लिहिलं, "माझ्याकडे होत नाही," आणि विषय संपला असं धरलं.

तीस दिवसांनी शिपायाने तक्रार बंद केली. एकतिसाव्या दिवशी पाहुण्याने लिहिलं, "अडचण अजून आहे. तसदीबद्दल क्षमस्व." तक्रार परत उघडी. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. अडीच वर्षं होऊन गेली, एकतीस वेळा शिपायाने आभार मानले आणि एकतीस वेळा पाहुण्याने क्षमा मागितली. शब्द तेच, विरामचिन्हं तीच. शिवी दिली असती तर परवडलं असतं, त्या क्षमस्वने तिच्या डोक्यात तिडीक जायची. शेवटी तिने ठरवलं, शुक्रवारी नवी आवृत्ती निघेल तिच्यात शिपायाच्या हाती कुलूप द्यायचं. बंद झालेली जुनी तक्रार कुलूपबंद, परत उघडायची सोयच नाही. चारशे बारा डोळ्यांसमोर ठेवूनच तिने ते कुलूप लिहिलं होतं.

इकडे घरात वेगळीच डोकेदुखी उभी राहिली होती.

बाबा शहात्तर वर्षांचे. एका छापखान्यात एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासली. छापखान्यात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे ओळ गळणे, आणि बाबांच्या हातून एकेचाळीस वर्षांत एकही ओळ गळली नाही, हे त्यांच्या निरोपसमारंभात मालकांनी सांगितलं होतं. निवृत्तीनंतर ते एका गटात सामील झाले. जुन्या यंत्रांची दुरुस्ती-पुस्तकं दुर्मीळ होत चालली आहेत, ती टाईप करून, तपासून सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवायची, असा तो उद्योग. बाबा तपासायचे. माणूस गुंतून राहील म्हणून तिलाही बरं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात त्या गटाच्या संयोजक बाईंचं पत्र थेट तिला आलं. बाईंनी फार जपून लिहिलं होतं. तुमच्या वडिलांची नजर तीक्ष्ण आहे, पण पानांच्या शेवटच्या ओळी त्यांच्याकडून वारंवार गळतात. फक्त त्यांच्याकडूनच. आम्ही दोनदा कळवलं, ते म्हणतात मी ओळ घातली होती. वयाचा भाग असेल. या महिन्याअखेर त्यांना तपासणीतून मोकळं करावं असं वाटतं. घरातून तुम्हीच सांगितलंत तर त्यांना कमी लागेल.

पत्र तिने दोनदा वाचलं. पाठोपाठ चीड आली. नेमक्या याच आठवड्यात! धाकट्या भावाला फोन केला, तर तो दूरच्या शहरातून सल्ले द्यायला टपलेलाच होता.

"मी केव्हापासून म्हणतोय, बाबा विसरायला लागलेत. परवा मला एकच गोष्ट दोनदा सांगितली."

"तू पहिल्यांदा ऐकली नसशील."

"तायडे, चिडू नकोस. डॉक्टरांना दाखव. आणि बदाम दे भिजवून."

"तू ये आणि भिजव," म्हणून तिने फोन ठेवला. पण विसरण्याच्या आजारांवरच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. बाबांना सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "बरं," एवढंच म्हणाले. भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

बुधवारी तिने रजा टाकली. डॉक्टर विचारतील, नेमकं काय विसरतात, तर सांगायला काहीतरी हवं, म्हणून सकाळी ती बाबांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. समोर शिवणयंत्राच्या दुरुस्तीचं पान उघडं होतं.

"आज इकडे कुठे?" बाबांनी विचारलं.

"असंच. बघते तुम्ही काय करता."

"बघ की. डोळ्याला फी नाही."

ते खालून वर तपासत होते. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची. खालून वर वाचलं की मजकुरात गुंतायला होत नाही, नुसती अक्षरं दिसतात, असं त्यांनी तिला लहानपणीही सांगितलं होतं. शेवटची ओळ होती, "तेल घातल्यावर यंत्र पाच मिनिटे रिकामे चालवावे." त्यात त्यांनी एक चूक दुरुस्त केली. तासभर ते वर सरकत राहिले आणि ती मोबाइलवर शुक्रवारच्या कुलपाची तयारी करत राहिली. पान संपल्यावर त्यांनी खणातून एक लहान वही काढली, तारीख घातली आणि ती शेवटची ओळ तशीच्या तशी वहीत उतरवून काढली.

"हे काय मध्येच?" ती वैतागली. "अहो, संगणकावर आहे ना सगळं!"

"थांब जरा."

मग ते परत पानाच्या अगदी तळाशी गेले, एक कळ दाबली आणि पान पाठवून दिलं.

"आत्ता काय पुसलंत?"

"काही नाही. खाली आपोआप एक रिकामी ओळ येते, ती काढली."

"दर वेळी काढता?"

"म्हणजे काय? रिकामी ओळ सोडून पान पाठवलं असतं तर फोरमनने मला उभं केलं नसतं. बाकीचे ठेवतात तशीच. शिस्त म्हणून नाही."

पान परत उघडलं. गटातलं आणखी कोणीतरी त्याच वेळी त्या पानावर काम करत होतं, त्यामुळे दोघांचे बदल एकत्र होऊन आले होते. बाबांच्या सगळ्या दुरुस्त्या होत्या. शेवटची ओळ नव्हती.

बाबांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी वही उघडून तिच्यासमोर सरकवली आणि आजच्या ओळीवर बोट ठेवलं. "घातली होती. हे बघ."

तिने वही हातात घेतली. पानामागून पान, तारखा आणि शेवटच्या ओळी, मोत्यासारख्या अक्षरात. पट्टा सैल असल्यास बदलावा. सुई उलटी बसवू नये. ज्या ओळी गळल्या त्यांच्यापुढे बारीक फुली.

"हे कशाला लिहिता, बाबा?"

"गेल्या वर्षी बाईंनी पहिल्यांदा कळवलं ना, तेव्हापासून. मला वाटलं, खरंच राहत असेल माझ्याकडून. घातली असं नुसतं वाटत असेल. म्हणून पाठवायच्या आधी लिहून ठेवतो. मग निदान कळतं की घातली होती." मग म्हणाले, "पण हल्ली वाटतं, वहीत लिहितो आणि तिकडे घालायची विसरतो, असंही होत असेल."

तिच्या कानावर हे पडत होतं, पण डोक्यात भलतंच घुमत होतं. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी ओळ. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाचा एडिटर, म्हणजे ज्यात तो टाईप करतो ते साधन, फाइल साठवताना शेवटच्या ओळीनंतर आपणहून एक एंटर मारून ठेवतो. तिचा मारायचा, तिच्या मदतनिसांचे मारायचे, सांध्याच्या सगळ्या चाचण्या त्याच एडिटरांमधून लिहिलेल्या. सांध्याला तिने ओळ म्हणजे काय ते असं शिकवलं होतं, की एंटर आला की ओळ संपली. शेवटी एंटर नाही अशी फाइल तिने चौदा वर्षांत कधी बघितलीच नव्हती. बाबा रिकामी ओळ म्हणून पुसायचे तो नेमका तोच एंटर, आणि तो नसला की शेवटची ओळ सांध्याच्या लेखी ओळच नव्हती. पाहुण्याचा नमुनाही तिने आपल्या एडिटरमध्येच साठवला होता, आणि एडिटरने तिला न विचारता तो सुधारून दिला होता.

"बाबा, या गटाचं काम कशावर चालतं?"

"तुझ्या सांध्यावरच ना? तुला मी सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात."

सांगितलं होतं. ती फोनवर होती, बाबा दारात उभे राहून म्हणाले होते, "तुझ्या त्या सांध्यात माझी शेवटची ओळ जाते बघ," आणि तिने मान वर न करता हाताने खूण केली होती. ते तिला आत्ता, अडीच वर्षांनी, लख्ख आठवलं.

"मग काय म्हणाले मी?"

"वहीत नोंदवा म्हणालीस. तोंडी धरत नाही म्हणालीस. म्हणून नोंदवली रीतसर."

"कोणाच्या नावाने?"

"नाव नाही घातलं. बापाचं नाव बघून कोणी पुढे घेतली तर वशिला लावल्यासारखं दिसलं असतं. पाहुणा म्हणून काहीतरी नंबर दिलाय त्यांनी, तो आहे."

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याला एका तारखेवर पेन्सिलीची खूण असायची. डोळ्यांत घालायच्या थेंबांची असेल, असं समजून तिने ती कधी विचारली नव्हती.

"मला परत का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला. कोणावर चढला ते तिलाच कळेना. "एकाच घरात राहतो आपण! समोर बसून जेवतो!"

"सांगितलं की आणखी एकदा. तू परत वहीतच लिहा म्हणालीस. आणि तिथे उत्तर येत होतं ना दर महिन्याला. तुमचा तो शिपाई सभ्य माणूस आहे. एक दिवस इकडचा तिकडे होत नाही त्याचा, दर वेळी आभार मानतो. वरचे लोक लक्ष घालत नाहीत, त्याला तो बिचारा काय करणार? मीही मग त्याला फार तसदी देत नाही. दोन वाक्यं लिहितो."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिपाई माणूस नाही, हे सांगायचं तिने टाळलं. उठून ती आपल्या टेबलाशी गेली.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. अकरा मिनिटं लागली. ज्याला अकरा मिनिटं लागतात ते अडीच वर्षं पडून होतं, आणि तेवढ्यात आपण स्वतःच्या बापाला वेड्यात काढायला निघालो होतो, या विचाराने तिने कळा इतक्या जोरात बडवल्या की बाबांनी आतून विचारलं, "मोडतेस का ते?" दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय बदल आत जात नाही, हा नियमही तिचाच. दुरुस्ती तिने एका जुन्या मदतनिसाकडे पाठवली. अर्ध्या तासात त्याची मंजुरी आली, सोबत एक प्रश्न. "हे चौदा वर्षं असंच होतं?"

कुलूप तिने काढून टाकलं. शिपायालाही रजा दिली. मग चारशे बारा उघडली. 'मा' टाईप करताच कीबोर्डने तत्परतेने पुढे केलं, "माझ्याकडे होत नाही." तिने ते पुसलं आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं, "माझ्याकडेही होतं. मी नीट बघितलं नाही. चूक सांध्याची, म्हणजे माझी. पाहुण्यांची नाही." तेच तिने संयोजक बाईंना सविस्तर कळवलं. गटाची वेबसाइट सांध्यातले बदल तासाभरात आपोआप उचलायची. बाईंनी लगेच उलट लिहिलं, बदल पोचला की कळवा, मी मुद्दाम त्याच पानावर काम करत बसते, त्यांना पाठवायला सांगा.

मधल्या वेळात बाबांनी दोघांसाठी चहा टाकला. कप तिच्यापुढे ठेवत म्हणाले, "मग उद्या डॉक्टरकडे जायचंय ना?"

"नाही जायचं. करते रद्द."

"वेळ घेतलीच आहेस तर जाऊ. तुझं दाखवून घेऊ. फार विसरतेस तू."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. चहा भाजला असं सांगून तिने वेळ मारून नेली.

तासाभराने दोघं परत त्या पानापुढे बसले. यावेळी तिने टाईप करायचं आणि बाबांनी वहीतून सांगायचं असं ठरलं. चष्मा सरळ करून, छापखान्यात वाचायचे तसं एकेक शब्द सुटा करून त्यांनी वाचलं. तेल. घातल्यावर. यंत्र. पाच. मिनिटे. रिकामे. चालवावे. पूर्णविराम. तिचं बोट सवयीने एंटरकडे गेलं.

"अंहं," बाबा म्हणाले. "खाली रिकामी ओळ नको."

तिने हात मागे घेतला आणि पान पाठवलं. पलीकडे संयोजक बाई त्याच पानावर होत्या. दोघींचे बदल एकत्र झाले, पान परत उघडलं. शेवटची ओळ जागेवर होती.

बाबा वाकून ती बघत राहिले. खाली-वर करून त्यांनी ती दोनदा वाचली, वहीतल्या ओळीशी ताडून पाहिली. मग वही मिटली, पण खणात ठेवली नाही, हातातच धरून बसले. इतका वेळ थट्टा करणारा त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"म्हणजे मी विसरत नव्हतो."

"नव्हतात, बाबा," ती म्हणाली.